इस्त्रियाला दोन दिवस पुरतील का? सात रात्रींच्या सहलीबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून चौघं जण क्रोएशियाला निघालेत. नवरा-बायको आणि सत्तरीला टेकलेले आई-बाबा. हातात सात रात्री. दुब्रोव्निक, स्प्लिट, प्लिटविसेची तळी आणि शेवटी इस्त्रिया या द्वीपकल्पाला दोन दिवस, असं त्यांनी बसवलंय. आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत आणि आईंचे गुडघे दुखतात. इस्त्रियात कुठली गावं घ्यावीत, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं आपल्याकडच्या मंडळींना या भागात घेऊन जातोय. माझं स्पष्ट मत आहे, सातही रात्री इस्त्रियालाच द्या. दुब्रोव्निक ते इस्त्रियातलं पुला हे अंतर रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास आहे. तुमच्या आराखड्यात आई-बाबांचा निम्मा वेळ गाडीत जाईल. शिवाय दोन दिवसांत इस्त्रियाचा फक्त किनारा बघून होतो आणि नुसत्या किनाऱ्यावरून हा प्रदेश कळत नाही.

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला असलेलं हे त्रिकोणी द्वीपकल्प आकाराने साधारण गोव्याएवढं आहे. त्याचा बहुतेक भाग क्रोएशियात येतो, उत्तरेची एक पट्टी स्लोव्हेनियात आणि अगदी छोटा तुकडा इटलीत. तेराव्या-चौदाव्या शतकापासून 1797 पर्यंत किनाऱ्यावर व्हेनिसची सत्ता होती. व्हेनिसच्या इमारतींच्या पायाला लागणारा, पाणी कमी शोषणारा पांढरा चुनखडक इथल्या खाणींतून गेला, जहाजांसाठीचं ओकचं लाकूड आतल्या जंगलातून गेलं, मीठ पिरानच्या मिठागरांतून. म्हणून किनारा आणि आतले डोंगर एकत्रच बघावे लागतात. डोंगरातून माल उतरायचा आणि बंदरातून बाहेर जायचा. हे ध्यानात ठेवलंत की प्रत्येक गावात काय बघायचं ते आपसूक कळतं.

माझ्या मते रात्री अशा वाटाव्यात: पहिली स्लोव्हेनियातल्या पिरानला, मग चार क्रोएशियातल्या रोविनला, शेवटच्या दोन आतल्या डोंगराळ भागात. विमान व्हेनिसचं घ्या, ट्रेनने इटलीतल्याच ट्रिएस्टला या आणि तिथून गाडी भाड्याने घेऊन शेवटी तिथेच परत करा. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची म्हटलं की भाडं भरमसाठ वाढतं. ही गाडी स्लोव्हेनिया-क्रोएशियात न्यायची आहे हे बुकिंग करतानाच सांगून लेखी परवानगी घ्या. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची आहे. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवा आणि मूळ लायसन्सही सोबत असू द्या. स्लोव्हेनियाच्या द्रुतगती मार्गांवर टोलनाके नसतात, पण त्यासाठी ऑनलाइन मिळणारा विन्येट नावाचा टोलपास आधी घ्यावा लागतो. तो न घेता गेलात तर दंड जबर आहे.

पिरान आटोपशीर आहे, एक रात्र पुरते. पूर्वी गावाच्या मधोमध छोटं बंदर होतं. ते 1894 मध्ये बुजवून चौक केला आणि 1692 साली इथे जन्मलेला व्हायोलिनवादक ज्युसेप्पे तार्तिनी याचा पुतळा तिथे उभा राहिला. चौक सपाट आहे, बाकं आहेत, आई-बाबा निवांत बसू शकतात. गाडी गावात नेता येत नाही. बाहेर फोर्नाचेच्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि तिथून बसने आत यायचं. दुसऱ्या दिवशी निघताना सेचोव्ल्येची मिठागरं नक्की बघा. कोकणात मिठागरं पाहिलेल्या माणसाला इथली एक गोष्ट वेगळी दिसेल. आगराच्या तळाशी ‘पेतोला’ नावाचा शेवाळ आणि खनिजांचा पातळ थर मुद्दाम जोपासतात. त्यामुळे खालचा चिखल मिठात मिसळत नाही आणि मीठ पांढरंशुभ्र निघतं. हा थर वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, हिवाळ्यातसुद्धा.

आता रोविन. इथे चार रात्री सांगतोय कारण पुला, पोरेच आणि ब्रियुनी बेटं तिन्हींसाठी हा मुक्काम सोयीचा आहे. पुला आणि पोरेच दोन्ही साधारण चाळीस किलोमीटरवर आहेत. रोज सामान बांधाबांध करायला लागत नाही. 1763 पर्यंत रोविन हे बेट होतं. मधली खाडी बुजवून ते जमिनीला जोडलं. बेटावर जागा मर्यादित, त्यामुळे घरं एकमेकांना खेटून आणि उंच उंच चढत गेली, काही तर थेट पाण्यातून उठलेली दिसतात. टेकडीच्या माथ्यावर संत युफेमियाचं चर्च आहे आणि त्याच्या सुमारे साठ मीटर उंच मनोऱ्यावर संत युफेमियाचा तांब्याचा पुतळा वाऱ्याबरोबर फिरतो. मनोऱ्याचा लाकडी जिना जुना, उभा आहे. आईंनी तो चढू नये, तुम्ही दोघं जाऊन या.

चर्चकडे जाणारी ग्रिझिया ही गल्ली सगळ्यांत प्रसिद्ध, पण तिथला दगड शतकानुशतकं पावलांनी घासून आरशासारखा गुळगुळीत झालाय. पाऊस पडून गेला की तरुण माणसंही घसरतात. चौघांच्याही बुटांचे तळवे रबरी आणि खाचांचे असू द्या, नव्या कोऱ्या चामडी तळव्याच्या चपला नकोत. राहायची जागा जुन्या गावात वर घेऊ नका. बंदराच्या पातळीवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत घ्या. जुन्या गावातली अपार्टमेंटं फोटोत मोहक दिसतात, पण चार मजले अरुंद दगडी जिना आणि हातात सुटकेस, हे सत्तरीत नको.

रोविनमध्ये एक संध्याकाळ बटानासाठी राखून ठेवा. बटाना म्हणजे इथल्या कोळ्यांची सपाट बुडाची छोटी लाकडी होडी. तिचं एक छोटं संग्रहालय बंदरावरच आहे आणि ही होडी जपण्याच्या कामाची युनेस्कोने 2016 मध्ये दखल घेतली. मासे पकडताना कोळ्यांचे हात जाळ्यात गुंतलेले, वाद्य कोण वाजवणार? म्हणून त्यांनी तोंडानेच वाद्यांचे आवाज काढत गाण्याची पद्धत काढली. एक जण गाणं उचलतो, बाकीचे गिटार, मेंडोलिनचा ठेका गळ्यातून धरतात. त्याला बितिनादा म्हणतात. संग्रहालयात ती ऐकायला मिळते. आमच्या गटातल्या गाण्याची जाण असलेल्या मंडळींना तिथून हलवावं लागतं.

पुलाला एक पूर्ण दिवस द्या आणि सकाळी लवकर पोचा. इथलं रोमन अ‍ॅम्फीथिएटर पहिल्या शतकातलं आहे. सगळे जण रोमच्या कोलोसियमशी तुलना करत फिरतात. त्यापेक्षा बाहेरची भिंत नीट बघा. खाली कमानींच्या दोन रांगा आणि वर चौकोनी खिडक्यांची तिसरी, ही भिंत पूर्ण घेराने उभी आहे आणि चारही बाजूंचे जिन्यांचे बुरूज शाबूत आहेत. चारही बुरूज टिकलेलं असं दुसरं रोमन अ‍ॅम्फीथिएटर नाही. आतली दगडी आसनं मात्र बरीचशी गेली, लोकांनी घरांसाठी उचलून नेली. 1583 मध्ये तर व्हेनिसच्या सिनेटमध्ये ही सगळी वास्तू उतरवून दगड न् दगड व्हेनिसला हलवायचा प्रस्ताव आला होता. गाब्रिएले एमो नावाच्या सिनेटरने त्याला विरोध केला म्हणून ती आज इथे आहे. पुलाच्या लोकांनी त्याच्या आभाराचा शिलालेख एका बुरुजावर लावलाय, तो शोधा. तळघरात रोमन काळातले ऑलिव्ह तेलाचे घाणे आणि तेला-दारूचे मातीचे कुंभ मांडलेत. बहुतेक लोक वरूनच परततात. आई-बाबांना तिथे सावलीही मिळेल.

तिथून गावात चालत जाताना सेर्गी कमान लागते. सेर्गी घराण्यातल्या पुरुषांच्या स्मरणार्थ साल्विया पोस्तुमा या बाईने इसवी सनापूर्वी 29 ते 27 च्या दरम्यान ती स्वतःच्या पैशाने बांधली, आणि तसं कमानीवर कोरूनही ठेवलं. त्या घराण्यातला लुसियस हा अ‍ॅक्टियमच्या लढाईत सामील झालेल्या 29 व्या लष्करी तुकडीचा अधिकारी होता. गावाकडच्या बाजूला कोरीवकाम भरगच्च आणि बाहेरच्या बाजूला कमी, असं का? कारण बाहेरची बाजू वेशीच्या दरवाजाला चिकटलेली होती, ती दिसायचीच नाही. कमानीशेजारच्या कॅफेबाहेर आयरिश लेखक जेम्स जॉइसचा पुतळा बसवलाय. 1904-05 च्या सुमारास तो इथल्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवायचा. पुला तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमाराचा मुख्य तळ होता.

याच परिसरात, एका साध्या वाहनतळाच्या मागे, जाळीआड रोमन घराची फरशी आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून वरच्या इमारती कोसळल्या, तेव्हा ती सापडली. ती आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे दोन मीटर खाली आहे. मधल्या चौकटीत दोन भाऊ दिर्के नावाच्या राणीला उधळलेल्या बैलाच्या शिंगांना बांधताहेत. आईला छळल्याचा सूड, अशी ती ग्रीक कथा. उरलेल्या फरशीत पक्षी, मासे आणि भौमितिक नक्षी. तिकीट नाही, रांग नाही. मी प्रत्येक गटाला इथे थांबवतो, कारण बॉम्ब आणि मोझेक एका जागी बघितले की हे गाव किती थरांवर उभं आहे ते समजतं. चौकातलं ऑगस्टसचं मंदिरही 1944 मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झालं होतं. तेच दगड वेचून ते 1947 पर्यंत पुन्हा उभं केलं. शेजारच्या नगरपालिकेच्या मागे जा, तिच्या भिंतीत त्याच्या जुळ्या मंदिराची मागची भिंत जशीच्या तशी दिसते.

दुपारी जेवणाआधी 1903 सालची लोखंड-काचेची मंडई बघा. खाली मासळी, बाहेर झाडांखाली फळं-भाजी. अंजीर आणि द्राक्षं सप्टेंबरात उत्तम असतात.

ब्रियुनीला अर्धा दिवस. पुलाजवळच्या फाझानाहून बोट पंधरा-वीस मिनिटांत नेते, पुढे छोट्या गाडीतून फेरी असते, त्यामुळे आईंना त्रास नाही. ही बेटं युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांचं उन्हाळी निवासस्थान होतं. 19 जुलै 1956 रोजी पंडित नेहरू, इजिप्तचे नासर आणि टिटो यांनी इथेच संयुक्त निवेदन जाहीर केलं. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद पाच वर्षांनी, 1961 मध्ये बेलग्रेडला भरली, पण तिची जुळवाजुळव इथून सुरू झाली असं म्हणता येईल. इंदिरा गांधींनी टिटोंना भेट दिलेल्या हत्तींची आठवणही मार्गदर्शक सांगतात. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे बेट फार आवडतं. त्यांच्या तरुणपणी ही नावं रोज वर्तमानपत्रात असायची.

पोरेचला फक्त एका वास्तूसाठी जा: सहाव्या शतकातलं युफ्रेशियस बिशपचं बॅसिलिका, 1997 पासून जागतिक वारसा. सोबत छोटी दुर्बीण न्या, खरंच सांगतोय. वेदीमागच्या अर्धगोल छतावर सोनेरी मोझेक आहे. मधोमध येशूची आई मेरी बसलेली, डावीकडे स्वतः युफ्रेशियस हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन उभा. त्याच्या शेजारी आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी) क्लॉडियस आणि त्याचा छोटा मुलगा. त्याखालच्या पट्ट्यात उजवीकडे मेरी आणि एलिझाबेथ या दोन गर्भवती बायका भेटताहेत. त्यांच्या मागे, दारातला पडदा किंचित बाजूला सारून एक मोलकरीण ऐकतेय. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने धर्मग्रंथात नसलेली ही बाई मुद्दाम घातली. दुर्बीण नसेल तर ती निसटते. खालच्या भिंतीवर शिंपल्याच्या तुकड्यांची नक्षी आहे, ऊन फिरलं की तीही चमकते. उपासनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, रविवार टाळा. बाकी पोरेच रोविनच्या तुलनेत फार दुकानमय झालंय, वास्तू पाहून निघा.

आता आतला भाग. इथे दोन रात्री कमीत कमी हव्यात. किनारा सोडला की अर्ध्या-पाऊण तासात लाल माती, द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि चुना-माती न वापरता रचलेले दगडी गडगे लागतात. शेतात गोल, टोपीसारख्या छपराच्या दगडी झोपड्या दिसतील, त्या काझुन. शेतकऱ्याला ऊन-पावसात आसरा आणि अवजारं ठेवायला. शेतातले निघालेले दगड टाकायचे कुठे, म्हणून त्यांचेच गडगे आणि त्यांच्याच झोपड्या.

मोटोवुन सगळ्यांना फोटोवरून माहीत असतं. मिर्ना नदीच्या खोऱ्यात 277 मीटर उंचीवर तटबंदीचं गाव, पहाटे खाली धुकं. तटावरून पूर्ण फेरी मारता येते. समोर जे जंगल दिसतं तिथलं ओकचं लाकूड व्हेनिसने आपल्या आरमारासाठी राखून ठेवलं होतं. पण गाडी खाली ठेवून वर जावं लागतं, चढ आहे. हंगामात खालून वर गाडी सोडते, ती चालू आहे का ते मुक्कामाच्या मालकाला विचारून ठेवा. आईंना झेपलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ग्रोझन्यानला पार्किंग गावाच्या तोंडाशीच आहे आणि गाव बऱ्यापैकी सपाट. मला स्वतःला ग्रोझन्यानच जास्त भावतं. मुक्काम यांच्यापैकी कुठल्याही गावाबाहेरच्या शेतघरात, तळमजल्यावर घ्या.

ग्रोझन्यानमध्ये घराघरांत चित्रकार-शिल्पकारांच्या कार्यशाळा दिसतात. यामागची गोष्ट कळायला हवी. पहिल्या महायुद्धानंतर इस्त्रिया इटलीकडे गेलं. मुसोलिनीच्या काळात क्रोएट आणि स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, लोकांची आडनावंसुद्धा इटालियन करायला लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 च्या पॅरिस तहाने बहुतेक इस्त्रिया युगोस्लाव्हियाला मिळालं आणि मग इटालियन बोलणारे निघून गेले. एकट्या पुलातून, 32,000 वस्तीपैकी सुमारे 28,000 माणसं गेली. डोंगरावरची गावं जवळपास ओस पडली. ग्रोझन्यानची रिकामी घरं 1965 पासून कलावंतांना दिली, म्हणून ते गाव टिकलं. आज रस्त्यांच्या पाट्या क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन भाषांत आहेत, त्या या इतिहासातून आल्यात. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हा विषय आपणहून काढू नका. त्यांनी काढला तर मात्र शांतपणे ऐकून घ्या. दोन्ही बाजूंच्या घरांत जखमा आहेत.

या भागातली माझी सगळ्यांत आवडती जागा बेरामजवळ, झाडीत लपलेलं संत मेरीचं छोटं चर्च. कास्ताव गावच्या विन्सेंट या चित्रकाराने 1474 मध्ये त्याच्या आतल्या भिंती रंगवल्या. दारावरच्या भिंतीवर मृत्यूचं नृत्य आहे. सांगाडे वाद्यं वाजवत पोप, राजा, राणी, सरदार, लहान मूल, भिकारी अशा सगळ्यांना ओढून नेताहेत. व्यापारी आपल्या मेजावरच्या नाण्यांकडे बोट दाखवतोय, पैसे घे आणि मला सोड म्हणून. चर्च कुलूपबंद असतं आणि चावी गावातल्या माणसाकडे. आदल्या दिवशी पाझिनच्या पर्यटन कार्यालयामार्फत वेळ ठरवा, नाहीतर बंद दार बघून यावं लागेल.

जेवणाचं. शाकाहारी माणूस इस्त्रियात उपाशी राहत नाही, पण विचारल्याशिवाय काही मागवू नये. मानेश्त्रा हे कडधान्य-मक्याचं दाट सूप दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात बरेचदा डुकराचं हाड उकळलेलं असतं. ‘बेझ मेसा, बेझ रिबे’ म्हणजे मांस नको, मासे नको, हे दोन शब्दप्रयोग आई-बाबांनाही पाठ करायला सांगा, आणि रस्सा कशात शिजवलाय तेही विचारा. फुझी हा गुंडाळलेला पास्ता, त्यात सहसा अंडं असतं. प्ल्युकान्त्सी हा हाताने वळलेला पास्ता बहुधा नुसत्या पीठ-पाण्याचा. ब्लित्वा म्हणजे पालेभाजी-बटाटा, ती सगळीकडे मिळते. रोविनला स्वयंपाकघर असलेलीच जागा घ्या. तूरडाळ, तांदूळ आणि मसाल्याचा डबा नेलात की एक वेळचा वरण-भात होतो आणि आई-बाबा खूश राहतात.

सप्टेंबरअखेर पांढऱ्या ट्रफलचा हंगाम सुरू झालेला असतो. जमिनीखाली ओकच्या मुळांशी वाढणारी ही बुरशी कुत्रे हुंगून काढतात. 1999 मध्ये इस्त्रियात 1.31 किलोचं ट्रफल सापडलं, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. खायचं तर ताजं, आपल्यासमोर पास्त्यावर किसून घेतलेलं खा. काळं आणि पांढरं यांच्या दरात फार फरक असतो, तो आधी विचारून घ्या. दुकानातल्या ‘ट्रफल तेला’च्या बाटल्यांत बहुतेक वेळा कृत्रिम वास घातलेला असतो. त्याऐवजी साधं इस्त्रियन ऑलिव्ह तेल आणा, ते खरोखर उत्तम असतं.

समुद्रात उतरायचं असेल तर सप्टेंबरअखेर पाणी पोहण्याजोगं असतं. मात्र इथे वाळू जवळजवळ नाहीच. खडक आणि गोटे, त्यावर काटेरी समुद्री अर्चिन. पाण्यात घालायचे रबरी बूट प्रत्येकाला हवेत.

शेवटी व्हिसा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. जुन्या प्रवासवर्णनांत कुना हे जुनं चलन आणि वेगळा व्हिसा वाचलात तर ते विसरा. तुमच्या सहा रात्री क्रोएशियात, म्हणून शेंगेन व्हिसा क्रोएशियाकडेच मागायचा. व्हेनिसला उतरता म्हणून इटलीकडे नव्हे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस, पण अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून तुम्ही जूनमध्येच कामाला लागा. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोंचं लागतं. आई-बाबांच्या वयाला आधीच्या आजारांचा समावेश आहे का ते पॉलिसीत वाचून घ्या. स्लोव्हेनिया-क्रोएशिया सीमेवर अधूनमधून तपासणी असते, तेव्हा पासपोर्ट डिकीतल्या सुटकेसमध्ये नको, हाताशी ठेवा.